एकतिसाव्या किलोमीटरला काय झाले?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आपले वय ४३, वजन ७० किलो, नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात पाळीची नोकरी आणि धावायला लागून चार वर्षे झालेली. हाफ मॅरेथॉन २ तास २ मिनिटांत पूर्ण केल्यावर आपण मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर फुल मॅरेथॉनची अपेक्षित वेळ काढली, ती ४ तास १४ मिनिटे आली, आणि सव्वाचार तासांचे लक्ष्य धरून आपण जानेवारीत मुंबईला पहिली फुल धावलात. अर्धे अंतर २ तास ५ मिनिटांत पार पडले, त्या वेळी अंगात भरपूर शिल्लक आहे असे वाटत होते. पण एकतिसाव्या किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या, पेडर रोडचा चढ चालत चढावा लागला आणि घड्याळ ५ तास ८ मिनिटांवर थांबले. सराव आठवड्याला चार दिवस मिळून ३८ किलोमीटर, बहुतेक सगळा किलोमीटरला ५:५० ते ६:०० (मिनिटे:सेकंद) या वेगाने; सर्वांत लांब धाव २६ किलोमीटरची, तीही दोनदाच. स्पर्धेत पोटात गेले ते दोन खजूर आणि प्रत्येक टेबलावरचे पाणी. आपण विचारता की स्टॅमिना कमी पडला का, पुढच्या जानेवारीसाठी काय बदलावे आणि कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची पातळ पट्टी असलेले, बूट घ्यावेत का.

स्टॅमिना कमी पडला, असे मी म्हणणार नाही. पहिले अर्धे अंतर आपण सरासरी ५:५५ च्या पेसने (म्हणजे दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेने) धावलात आणि दुसरे ८:४० च्या. ज्याचा दम मुळातच कमी आहे तो माणूस पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरपासून हळूहळू मंदावत जातो. आपल्यासारखा एका ठिकाणी कोसळत नाही. आपली चूक दोन ठिकाणी झाली आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. सरावातले प्रत्येक धावणे आपण गरजेपेक्षा जोरात धावलात, त्यामुळे अंतर वाढवायला पायांत जागाच उरली नाही. आणि स्पर्धेचा वेग आपण स्वतःच्या लांब धावांवरून न ठरवता हाफच्या वेळेवरून ठरवलात.

तो कॅल्क्युलेटर खोटे बोलत नाही, पण त्याचे गृहीतक आपल्याला लागू पडत नव्हते. त्यामागचे प्रचलित सूत्र असे आहे की अंतर दुप्पट झाले की वेळ साधारण २.०८ पट होते. दोन्ही अंतरांसाठी सारखीच चोख तयारी असेल, तर हे गणित बऱ्यापैकी जुळते. आठवड्याला ३८ किलोमीटर धावणाऱ्या माणसाची हाफची तयारी उत्तम असते, फुलची अर्धवट असते. अशा धावपटूने हाफची वेळ दुप्पट करून त्यात वीस ते तीस मिनिटे मिळवावीत, हा माझा इतक्या वर्षांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने गेल्या जानेवारीत आपली प्रामाणिक वेळ ४ तास २४ ते ४ तास ३४ मिनिटांच्या दरम्यान होती. मागितली त्यापेक्षा दहा-वीस मिनिटे कमी, आणि भरली जवळजवळ तासाभराची किंमत.

ही किंमत इतकी जास्त का, हे एकदा समजून घेतले की पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतात. सपाटीवर धावताना शरीर दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च करते. म्हणजे आपल्याला ४२.१९५ किलोमीटरसाठी तीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर बहुतेकांच्या बाबतीत चार-पाचशे ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार किलोकॅलरींच्या घरात असते. उरलेली ऊर्जा चरबीतून यावी लागते आणि चरबी पेटते मंद आचेवर. वेग जितका जास्त, तितका शरीराचा साखरेकडे ओढा जास्त. ५:५५ आणि ६:३० या दोन वेगांत दहाव्या किलोमीटरला आपल्याला काहीच फरक जाणवत नाही, कारण तेव्हा तिजोरी भरलेली असते. तिसाव्यानंतर हिशेब निघतो, आणि धावपटू ज्याला वॉल लागणे म्हणतात ते घडते. त्याच सुमारास हजारो पावलांच्या आघाताने मांडीचे स्नायूही सूक्ष्म प्रमाणात फाटलेले असतात, म्हणून त्या क्षणी साखर घेतली तरी पाय लगेच मऊ होत नाहीत.

आता सरावाकडे येऊ. सर्वांत मोठा बदल आपल्याला करायचा आहे तो वेग कमी करण्याचा, आणि अनुभवाने सांगतो की हाच बदल लोकांना सर्वांत जड जातो. आठवड्यातल्या पाच धावांपैकी तीन धावा किलोमीटरला ७:०० ते ७:२० अशा निवांत वेगाने व्हायला हव्यात. घड्याळ बघायचे नसेल तर पाढ्याची कसोटी वापरा. आमच्या गटात दोन वर्षांपूर्वी आलेले एक बँक कर्मचारी सोमेश्वरच्या वळणावर मला ‘मी अगदी आरामात धावतोय’ असे सांगत होते. मी त्यांना धावता धावता एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणायला सांगितला. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस इथपर्यंत गाडी नीट आली, ‘एकोणीस त्रिक’नंतर श्वास घ्यायला थांबले, आणि चोकापर्यंत पोचेतो मान खाली गेली. पाढा दशकापर्यंत सलग, बोलण्याच्या नेहमीच्या लयीत म्हणता आला तरच तो ईझी रन. त्यांना त्यासाठी ७:४० पर्यंत खाली यावे लागले. तीन महिने ते आमच्या गटात सर्वांच्या मागे धावले, कॉलनीतल्या एका काकांनी तर त्यांना पाय दुखतो का म्हणून विचारले. त्यानंतर त्याच श्वासावर त्यांचा वेग ६:५० वर आला.

हे का घडते? निवांत धावण्यात हृदयाचे ठोके कमी असले तरी पायांतल्या स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींमधली ऊर्जा बनवणारी केंद्रे वाढतात आणि चरबी वापरण्याची सवय लागते. हे काम किती वेळ धावलो यावर होते, किती जोरात धावलो यावर नाही. आपण ज्या मधल्या वेगाने रोज धावता तो या कामासाठी उगाच महाग आणि खरा वेग वाढवण्यासाठी अपुरा आहे. दुसऱ्या दिवशी पाय जड राहतात, म्हणून पाचवा दिवस जमत नाही, म्हणून आठवडा ३८ वर अडकतो.

स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी धरली, तर अठरा आठवड्यांची मुख्य तयारी सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. त्याआधीच्या पावसाळ्यात फक्त पाच दिवसांची सवय लावावी आणि आठवडा हळूहळू ४५ किलोमीटरपर्यंत न्यावा. वेगाचे काही करू नये. त्यानंतर डिसेंबरपर्यंत ५५ ते ५८ किलोमीटर पुरेसे आहेत. आपल्यासारख्या नोकरदार माणसाला सत्तरचा आकडा गाठायच्या नादात झोप गमावलेली मी पाहिली आहे, आणि झोप गेली की सरावाचा उपयोग निम्मा होतो. मंगळवार आणि शुक्रवार निवांत आठ ते दहा किलोमीटर, बुधवारी किंवा गुरुवारी बारा किलोमीटर ज्यात मधले पाच-सहा किलोमीटर हाफच्या वेगाच्या आसपास, शनिवारी निवांत सहा-सात आणि रविवारी लांब धाव. पाळीच्या नोकरीत हे कोष्टक जसेच्या तसे पाळता येत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मधल्या दिवसांच्या धावा संध्याकाळी करा. दुसऱ्या पाळीत सकाळ आपलीच असते, त्यामुळे वेगाचे काम त्या आठवड्यात ठेवा. रात्रपाळीच्या आठवड्यात मात्र सगळे धावणे निवांत आणि रविवारची धाव एक तृतीयांशाने कमी. दर चौथा आठवडा तसाही हलका घ्यायचा असतो, तो रात्रपाळीशी जुळवून घेतला की काही बुडाल्याची खंत राहत नाही.

लांब धाव १८ किलोमीटरपासून सुरू करून दोन-दोनने वाढवत, मधे हलके आठवडे घेत, नोव्हेंबरमध्ये २६-२८ आणि डिसेंबरमध्ये ३० पर्यंत न्यावी. तीस किलोमीटरच्या दोन धावा झाल्या की पुरे. पुस्तकी कोष्टकांत ३२ किंवा ३५ चा आकडा दिसतो, पण तो वेगवान धावपटूंना तीन तासांच्या आत बसतो. आपल्याला ७:१० च्या पेसने तीस किलोमीटरलाच ३ तास ३५ मिनिटे लागतील, आणि त्यापुढे तयारीपेक्षा झीज जास्त होते.

इथे नाशिकची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या गणितात तिनेही घोळ घातला असावा असा माझा कयास आहे. आपण लांब धाव गंगापूर रोडवरून गिरणाऱ्याच्या दिशेने किंवा त्र्यंबक रोडने जाऊन परत अशी करता, असे लिहिले आहे. शहरातले बहुतेक धावपटू हेच करतात. पहाटेची मोकळी हवा, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, वाहने कमी, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते हे आठवा. पश्चिमेला जाताना आपण नदीच्या उगमाकडे, म्हणजे थोडे थोडे चढावर जात असतो आणि येताना उतारावर. ताज्या पायांनी चढ आणि दमलेल्या पायांनी उतार, यामुळे शेवटचे दहा किलोमीटर नेहमीच सुखाचे जातात आणि आपण शेवटी वेग वाढवू शकतो असा गोड गैरसमज होतो. स्पर्धेत असा उतार कुणी आंथरून ठेवत नाही. म्हणून महिन्यातून दोन लांब धावा उलट दिशेने करा. आपण आनंदवल्लीला राहता, तर पहाटे घरून निघून पंचवटीमार्गे तपोवनाकडे उतरत जा, तिकडे अंतर भरा आणि दमलेल्या पायांनी घराकडे चढत या. उंचीचा फरक मोठा नाही, पण पंचविसाव्या किलोमीटरला तेवढाही पुरेसा बोलतो.

नोव्हेंबरपासून या लांब धावांमध्ये स्पर्धेचा वेग मिसळायचा. पुढच्या जानेवारीसाठी मी आपल्याला ४ तास ३५ मिनिटांचे लक्ष्य सुचवतो, म्हणजे सरासरी ६:३१ चा पेस. पहिल्यांदा २२ किलोमीटरमध्ये शेवटचे सहा ६:३० ने, मग २६ मध्ये शेवटचे दहा, आणि डिसेंबरच्या मध्याला कसोटीची एक धाव: सहा किलोमीटर निवांत आणि पुढचे अठरा सलग ६:३० ने, तेही सपाटीवर. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारणे कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण तिथे उतार मदतीला येत नाही. मनगटावर किंवा छातीवर ठोके मोजणारे यंत्र असेल तर त्या अठरा किलोमीटरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तीन किलोमीटरचे सरासरी ठोके लिहून ठेवा. थंड हवेत, त्याच वेगाला ठोके दहापेक्षा जास्त चढले असतील तर ४:३५ आपल्याला अजून महाग आहे आणि लक्ष्य ४:४५ वर आणावे. चार-पाचच चढले आणि शेवटी पाढा अडखळत का होईना पूर्ण झाला, तर लक्ष्य कायम ठेवावे. तरीही ४:३५ पेक्षा कमी वेळेचे लक्ष्य धरू नये.

सप्टेंबर ते जानेवारी हा काळ आपल्याकडे सणांचा आहे आणि त्याची सोय आधीच लावलेली बरी. नवरात्राचे नऊ दिवस आपण उपवास करता असे लिहिले आहे. त्या आठवड्याला हलका आठवडा करा. रविवारी धावायचेच असेल तर सोळा किलोमीटरच्या वर जाऊ नका, आदल्या रात्री साबुदाणा किंवा वरईचे तांदूळ आणि सकाळी केळे-दूध घ्या. साबुदाण्यात पिष्टमय भाग भरपूर असतो, प्रथिने मात्र नावापुरती, म्हणून दाण्याचे कूट, दही, ताक यांचा हात सैल सोडा. निर्जळी उपवासात लांब धाव करू नये, हे मी विनंती म्हणून नव्हे, अट म्हणून माझ्या गटात सांगतो. दिवाळीच्या फराळाबद्दल माझी काही तक्रार नाही. रविवारच्या धावेनंतरच्या मिसळीबद्दल तर नाहीच, फक्त धावून आल्यावर अर्ध्या तासात आधी दूध, केळे किंवा पोहे पोटात जाऊ द्या आणि मग मित्रांबरोबर तर्रीचा विषय काढा.

नाशिकची हवा धावणाऱ्यांची आहे, असे आपण सगळे अभिमानाने म्हणतो. जवळच्याच सावरपाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले तेव्हापासून हा अभिमान वाढला, तो रास्तही आहे. पण नाशिक उंचावर असल्यामुळे मुंबईत फायदा होतो, हे जे गल्लोगल्ली ऐकू येते त्यात तथ्य नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. उंचीच्या सरावाने रक्तात फरक पडावा यासाठी साधारण दोन हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंची लागते. उलट आपले नुकसान होते. डिसेंबरात आपण कोरड्या थंडीत, कधी कधी दहा अंशांच्या खाली पारा असताना धावतो. घाम येतो तसा उडून जातो आणि ठोके खाली राहतात. कसारा घाट उतरला की हवा ओली होते. मुंबईत पहाटे गार वाटले तरी आर्द्रतेमुळे घाम अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही, आणि साडेचार तास धावणारा माणूस शेवटचा दीड-दोन तास चढत्या उन्हात असतो. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून आठवड्यातली एक-दोन निवांत धावा सकाळी दहा-अकराच्या सुमारास, अंगात एक जादा टी-शर्ट घालून, चाळीस-पन्नास मिनिटांच्या करा. शरीराला उष्णतेची सवय दहा ते चौदा दिवसांत बऱ्यापैकी लागते आणि सोडली की काही आठवड्यांत जाते. मळमळ किंवा चक्कर जाणवली तर तिथेच थांबायचे, त्यात मर्दुमकी नाही.

आता प्रत्यक्ष स्पर्धेचा वेग. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघताना भोवती हजारो माणसे असतात, आठवडाभराच्या विश्रांतीने पाय उसळत असतात आणि ६:४५ चा पेस चालल्यासारखा वाटतो. पहिले पाच किलोमीटर तरीही ६:४५ नेच धावा. गर्दीतून नागमोडी वाट काढून पुढे जाऊ नका. त्यात अंतर वाढते आणि दम जातो. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत ६:३०. हाफचा फलक या हिशेबाने २ तास १८ मिनिटांच्या थोडा पुढे मागे यायला हवा. म्हणजे गेल्या वेळेपेक्षा तेरा मिनिटे उशिरा, आणि तेव्हा आपल्याला आपण काहीतरी गमावतो आहोत असे नक्की वाटेल. बत्तीस किलोमीटरला घड्याळ ३ तास २९ मिनिटांच्या जवळ असेल. तिथून पुढे जमले तर ६:२५, आणि शेवट ४:३५ च्या आत. चढावर वेग नव्हे, श्वास कायम ठेवायचा. पेडर रोडला, जो मी धावलो त्या वर्षी परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास भेटला, किलोमीटरला वीस-पंचवीस सेकंद खुशाल सोडून द्या.

हे केवळ आपल्यासारख्या हौशी धावपटूंचे शहाणपण आहे असे समजू नका. केनियाचे धावपटू केल्विन किप्टम यांनी २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांचे पहिले अर्धे अंतर ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरे ५९ मिनिटे ४७ सेकंदांत झाले होते. आपल्याकडून दुसरे अर्धे वेगाने व्हावे अशी माझी अपेक्षाही नाही. दोन्हींत तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त फरक पडू नये एवढीच आहे.

घड्याळाबद्दल एक सूचना. स्पर्धेचा मार्ग कमीत कमी लांबीच्या रेषेवर मोजलेला असतो. आपण वळणे बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटते, आणि शेवटी घड्याळ ४२.५ ते ४२.८ किलोमीटर दाखवते. घड्याळावर ६:३१ दिसत असताना प्रत्यक्षात आपण किलोमीटरला चार-पाच सेकंद मागे असतो. घड्याळात आपोआप पडणारे लॅप (दर किलोमीटरच्या वेळेची नोंद) बंद करा, किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः बटण दाबा आणि दर पाच किलोमीटरची अपेक्षित वेळ पेनाने हातावर किंवा कागदाच्या पट्टीवर लिहून न्या. पेसरच्या बसबरोबर, म्हणजे ठरलेल्या वेळेत धावून दाखवणाऱ्या माणसामागच्या घोळक्याबरोबर, धावायचे असेल तर ४:४५ च्या बसमागून सुरुवात करा आणि बत्तीसनंतर तिला सोडून पुढे जा; ४:३० च्या बसचा मोह टाळा, कारण पंधराव्यापर्यंत ती सोपी वाटते.

खाण्याच्या बाबतीत दोन खजूर म्हणजे जवळजवळ उपाशीच धावणे झाले. तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत आणि सुरुवात पहिल्या चाळीस मिनिटांतच व्हायला हवी, भूक किंवा थकवा जाणवण्याची वाट न पाहता. एका जेलमध्ये (धावताना चोखायच्या घट्ट, गोड पाकाच्या पुडीत) साधारण २०-२५ ग्रॅम मिळतात. एका मध्यम केळ्यातही तितकेच. जेल महाग पडत असेल तर मूठभर बेदाणे, साधारण तीस ग्रॅम, जवळजवळ तेच काम करतात आणि ते तर आपल्या जिल्ह्याचेच पीक आहे. फक्त चावायला वेळ लागतो म्हणून ते चढाच्या आधी नव्हे, सपाटीवर खावेत. जे स्पर्धेत खाणार तेच, त्याच अंतराने, किमान सहा लांब धावांमध्ये खाऊन बघा, कारण आतड्यालाही सराव लागतो.

पाणी मात्र आपण बहुधा गरजेपेक्षा जास्त प्यायलात. प्रत्येक टेबलावर बाटली रिकामी करण्याची सवय धोक्याची आहे, कारण जादा पाण्याने रक्तातले सोडियम पातळ होते. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त स्पर्धेनंतर तपासले तेव्हा १३ टक्के लोकांमध्ये सोडियमचे प्रमाण सामान्यपेक्षा कमी आढळले होते, आणि त्यात चार तासांहून जास्त वेळ धावणारे व धावताना वजन वाढलेले लोक अधिक होते. आपली गरज घरीच मोजता येते: लांब धावेआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा, एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम, त्यात प्यायलेले पाणी मिळवा. स्पर्धेत तहान लागेल तसे, घोट घोट घ्यावे आणि मधूनमधून मीठ असलेले पेय घ्यावे.

दुखण्याबद्दल थोडे स्वतःचे. माझ्या तिसऱ्या फुलच्या तयारीत नडगीच्या हाडावर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत होते. वॉर्मअप झाला की कमी व्हायचे, म्हणून मी सहा आठवडे गोळ्या घेऊन धावत राहिलो. हाडाला केसासारखी चीर निघाली आणि चार महिने घरी बसलो. स्नायू दुखतो तो पसरट दुखतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो; हाडावर एकाच बिंदूत दुखत असेल आणि एका पायावर उडी मारली की कळ येत असेल तर धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. लांब धावेच्या किंवा स्पर्धेच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडावर पडतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे पायऱ्यांवर एका पायाच्या टाचा उचलणे, स्टेप-अप आणि स्क्वॅट पुरेसे आहेत. चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा तयारीआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या. शाकाहारी आहात म्हणून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या. शेवटची तीस किलोमीटरची धाव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी, त्यानंतरचे रविवार वीस आणि बारा. त्या दिवसांत अंग जड वाटते, नसलेली दुखणी जाणवतात. तिकडे लक्ष देऊ नका आणि राहिलेले किलोमीटर भरून काढायला जाऊ नका.

राहिला बुटांचा प्रश्न. कार्बन प्लेटचे बूट वेगवान धावपटूंना थोडी मदत करतात यात शंका नाही, पण ६:३० च्या पेसला तो फायदा कमी होतो, ते लवकर झिजतात आणि पोटरी व घोट्यावर वेगळा ताण आणतात. त्या किमतीत साध्या, नीट गादी असलेल्या बुटांचे दोन जोड येतील. सप्टेंबरपासून ते आलटून पालटून वापरा. पावसात भिजलेला एक वाळेपर्यंत दुसरा पायात असतो, आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की ओला जोडही एका दिवसात कोरडा होतो. स्पर्धेसाठी त्यांतला शंभर-दीडशे किलोमीटर झालेला जोड निवडा, कोरा करकरीत नको. दोन्ही जोड सारखेच दिसणार, म्हणून घेतल्याची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. किती किलोमीटर झाले हे आठवणीवर सोडले की प्रत्येक जण दोनशेने कमीच सांगतो, मीसुद्धा.